सरकारी निवासस्थानातून स्वतःच्या घराकडे

(भोपाळ येथील शिवाजी नगरात मराठीभाषक कर्मचारी, शिक्षक आणि सेवानिवृत्त यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरांच्या बाजाराविषयी शिवाजी नगरात बोलावयाचे, हे प्रथमदर्शनी थोडे चमत्कारिक वाटते. या वसाहतीतील बहुसंख्य घरे शासनाच्या मालकीची आहेत. ती विकत मिळत नाहीत आणि त्यांत राहणाऱ्यास विकताही येत नाहीत. येथे राहणारा कर्मचारी पंचवीस-तीस वर्षे आंब्याची आणि कडुनिंबाची सावली उपभोगतो, मुलामुलींची शिक्षणे आणि लग्ने याच अंगणातून करतो, आणि नियत वयोमानानुसार निवृत्त झाल्यावर काही महिन्यांच्या आत किल्ली परत करून बाहेर पडतो. घर कसे घ्यावे हा प्रश्न म्हणूनच या वसाहतीत जितका निकडीचा आहे तितका दुसरीकडे क्वचित असेल. ज्याने विशी-पंचविशीत भाड्याची खोली घेतली, मालकाशी वाद घातला, दलालाबरोबर चार जागा पाहिल्या, त्यास बाजाराची थोडीफार ओळख झालेली असते. सरकारी निवासस्थानात आयुष्य गेलेल्या मनुष्यास ती ओळख एकदम निवृत्तीच्या वेळी होते, आणि तीही भविष्यनिर्वाह निधी व उपदान हाती आलेले असताना.

ही परिस्थिती कशी निर्माण झाली हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. तत्पूर्वी जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर येथे होती, आणि मध्यभारताचा कारभार ग्वाल्हेर व इंदूर येथून चालत असे. राज्यपुनर्रचनेत सेवकवर्गाची वाटणी झाली. नागपूरच्या सचिवालयातील, तसेच ग्वाल्हेर-इंदूरच्या कचेऱ्यांतील अनेक मराठी कुटुंबे आपले देव्हारे आणि ट्रंका घेऊन येथे आली. तलावाच्या काठचे जुने नबाबी शहर एवढ्या लोकांना सामावून घेण्यासारखे नव्हते. म्हणून त्याच्या दक्षिणेस तात्या टोपे नगर, शिवाजी नगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्याच सुमारास पूर्वेस हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना आला आणि गोविंदपुरा, पिपलानी, बरखेडा या भागांत कामगारांची घरे झाली. एका शहरात इतक्या मोठ्या विस्तारावर घरमालक एकच, म्हणजे शासन अथवा शासकीय कारखाना, अशी स्थिती थोड्याच ठिकाणी आढळेल. नागपूरहून आलेल्यांपैकी कित्येकांनी महाल-धंतोलीतील वडिलोपार्जित घरातील वाटा तसाच ठेवला आणि येथे क्वार्टर मिळाले म्हणून निर्धास्त राहिले. त्यांच्या मुलानातवंडांपुढे आता दोन्ही प्रश्न एकाच वेळी उभे आहेत. तिकडचे विकावयाचे आहे आणि इकडचे घ्यावयाचे आहे.

क्वार्टरची जमीन आपली नसली तरी तिचे मोल आपल्या डोळ्यांदेखत वाढत असते, आणि याचा अनुभव शिवाजी नगराने दोनदा घेतला आहे. स्मार्ट सिटी योजनेखाली पुनर्विकासासाठी प्रथम शिवाजी नगर व तुळशी नगर हेच क्षेत्र निवडले गेले होते. नागरिकांनी मोठ्या वृक्षांच्या तोडीस विरोध केला आणि २०१६ मध्ये तो प्रकल्प तात्या टोपे नगराकडे वळविण्यात आला. पुढे जून २०२४ मध्ये मंत्री व आमदारांच्या निवासस्थानांसाठी याच भागातील जुनी घरे पाडण्याचा प्रस्ताव पुढे आला. सुमारे २९ हजार झाडे जातील असे वृत्त प्रसिद्ध होताच स्त्रीपुरुष रस्त्यावर आले, झाडांना कवटाळून उभे राहिले, आणि शासनाने तो प्रस्ताव मागे घेतल्याचे जाहीर केले. येथे मी त्या वादात शिरत नाही. घर पाहणाऱ्याने त्यातून ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की शहराच्या मध्यभागी, कचेऱ्या आणि शाळा जवळ असलेली, मोकळी हवा असलेली जागा ही अतिशय दुर्मिळ वस्तू आहे. या अंगणाच्या मोजमापाने जो कोणी बाहेर घर शोधील त्याच्या पदरी निराशाच येईल. सहा नंबर स्टॉपवर राहिलेल्या माणसाने मिसरोद किंवा नीलबडला जाऊन 'आमच्या क्वार्टरसारखे नाही' असे म्हणत दोन वर्षे घालवावी आणि तेवढ्यात भाव पुढे निघून जावेत, हे वारंवार घडते.

आता भावांविषयी. राष्ट्रीय आवास बँकेने २००७ मध्ये घरांच्या किंमतींचा निर्देशांक प्रथम काढला, त्या वेळी प्रारंभिक पाहणीसाठी जी पाच शहरे निवडली त्यांत दिल्ली, मुंबई, कोलकाता व बंगळूर यांच्याबरोबर भोपाळचा समावेश होता. मध्यम आकाराच्या शहराचा नमुना म्हणून भोपाळकडे पाहिले गेले, आणि ते योग्यच होते. मुंबई-पुण्यात किंमत ठरते ती मुख्यतः जमिनीच्या टंचाईने. भोपाळला चोहोकडे वाढावयास जागा आहे. येथे किंमत ठरते ती रस्ता, पाणी आणि नोकरीचे ठिकाण यांपासूनच्या अंतराने. कोलार रस्ता, नर्मदापुरम रस्ता, कटारा हिल्स, अयोध्या बायपास, अवधपुरी या दिशांनी शहर पसरत गेले, याचे कारण हेच होय. अशा शहरात सर्व भावांची एकदम चढ किंवा एकदम घसरण सहसा होत नाही. एक टोक वर जाते आणि दुसरे वर्षानुवर्षे जागच्या जागी राहते. 'भोपाळमध्ये भाव वाढले' या वाक्यास म्हणून फारसा अर्थ नाही. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या प्रकारच्या घराचे, हे विचारले पाहिजे. स्वतंत्र घराखालील जमीन आणि सहाव्या मजल्यावरील सदनिका यांची वाढ सारखी होत नाही. जमीन जुनी होत नाही. सदनिकेची लिफ्ट, नळ आणि गिलावा मात्र जुने होतात.

दळणवळणाच्या साधनांमुळे भाव वाढतात, हे खरे. पण साधन प्रत्यक्ष आले की मग वाढतात, की येणार म्हणून आधीच वाढतात, हे पारखून घ्यावे. भोपाळमध्येच पाहा. मिसरोद ते बैरागढ अशी स्वतंत्र बसमार्गिका २०१३ मध्ये सुरू झाली. ती कायमची सोय आहे असे समजून लोकांनी हिशेब केले असतील. जानेवारी २०२४ पासून ती उखडण्यास प्रारंभ झाला. उलट मेट्रोची कोनशिला २०१९ मध्ये बसली आणि सुभाष नगर ते एम्स या पहिल्या टप्प्यावर गाडी धावू लागली ती डिसेंबर २०२५ मध्ये. मधल्या सहा वर्षांत 'मेट्रोलगत' म्हणून जाहिरात झालेल्या घराचे व्याज ज्याने भरले त्याने गाडीविनाच भरले. नकाशावरील रस्त्यासाठी अधिक पैसे मोजू नयेत, डांबर पडलेल्या रस्त्यासाठी मोजावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

घर पसंत पडले, किंमतही आवाक्यात आहे, आता कागद पाहावयाचे. या ठिकाणी मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण घराच्या भिंती आपण चार वेळा पाहतो आणि कागद मात्र दलालाच्या हातात दुरूनच पाहतो.

पहिला प्रश्न असा की विकणारा खरोखर मालक आहे काय. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ आणि नोंदणी अधिनियम, १९०८ यांच्या अन्वये शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही. मध्यप्रदेशात आपण ज्यास 'रजिस्ट्री' म्हणतो आणि महाराष्ट्रात 'खरेदीखत' म्हणतो तो हा दस्त. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो. साठेखत, इसारपावती, नोटरीपुढे केलेला करार, यांपैकी कशानेही मालकी येत नाही. 'आम मुखत्यारपत्र देतो, मुद्रांक शुल्क वाचेल' असे सांगणारे पूर्वी पुष्कळ भेटत, अजूनही भेटतात. सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले की अशा मुखत्यारपत्राने व मृत्युपत्राने केलेली 'विक्री' ही विक्रीच नव्हे. मुखत्यारपत्र देणारा मनुष्य मरण पावला की मुखत्यारपत्रही सामान्यतः संपते. मग त्याचे वारस दारात येऊन उभे राहतात. शुल्काचे वाचलेले पैसे वकिलाच्या फीपुढे किरकोळ वाटू लागतात.

दुसरा गैरसमज नामांतरणाचा. महापालिकेच्या कराच्या पावतीवर नाव चढले, पटवाऱ्याच्या खसऱ्यात नाव आले, किंवा महाराष्ट्रात सातबारावर फेरफार झाला, म्हणजे मालकी सिद्ध झाली अशी खेड्यापाड्यांत आणि शहरांतही दृढ समजूत आहे. महसुली नोंद ही सारा किंवा कर कोणाकडून घ्यावयाचा यासाठी असते. मालकीहक्क ठरविणारी ती नव्हे, असे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे. याचा अर्थ नामांतरण करू नये असा मुळीच नाही. नोंदणीनंतर ते तत्काळ करून घ्यावे. परंतु विकणाऱ्याने केवळ कराची पावती पुढे केली तर तेवढ्यावर इसार देऊ नये. मूळ दस्त, त्यापूर्वीचा दस्त, त्याही पूर्वीचा, अशी साखळी किमान तीस वर्षांची पाहावी, आणि दुय्यम निबंधकाच्या दप्तरात त्या मिळकतीवर कोणता बोजा नोंदला आहे याचा शोध वकिलाकडून घ्यावा. गहाणाचा एक प्रकार असा आहे की केवळ मूळ दस्त बँकेत ठेव म्हणून दिले की गहाण होते. तेव्हा 'मूळ दस्त गावी आहेत, छायाप्रत घ्या' असे उत्तर आले तर शंका घेणे हा असभ्यपणा नाही. अशा कर्जांची नोंद केंद्रीय पातळीवर ठेवणारी व्यवस्था २०११ पासून आहे आणि ती थोडी फी भरून पाहता येते.

तिसरा प्रश्न जमिनीच्या उपयोगाचा व परवानगीचा. भोपाळचा विकास आराखडा १९९५ मध्ये मंजूर झाला. तो २००५ पर्यंतच्या वाढीचा विचार करून आखलेला होता. शहर मात्र २००५ मध्ये थांबले नाही. नवा आराखडा येण्यास विलंब होत गेला आणि शेतजमिनीवर आखलेल्या, नगर तथा ग्राम निवेश विभागाची मंजुरी नसलेल्या वसाहती वाढल्या. येथे त्यांना 'अवैध कॉलनी' म्हणतात. पुण्या-नाशकाकडे 'गुंठेवारी' म्हणतात. रोग एकच आहे. अशा वसाहती नियमित करण्याकरिता मध्यप्रदेशात २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आणि त्यामुळे 'आज ना उद्या नियमित होईलच' असे सांगण्याची सोय विकणाऱ्यांना झाली. नियमितीकरणाने रस्ता, नळ आणि बांधकामाची परवानगी मिळण्याचा मार्ग खुला होतो. विकणाऱ्याची मालकी मुळात कच्ची असेल तर ती त्याने पक्की होत नाही, आणि विकास शुल्क भरावे लागते ते वेगळेच. वसाहतीचा मंजूर अभिन्यास आणि जमिनीच्या अकृषिक वापराचा कागद, म्हणजे येथील डायव्हर्शन व तिकडील एन. ए., हे दोन्ही हाती घेऊन आपला भूखंड क्रमांक त्या अभिन्यासात आहे काय, हे बोट ठेवून पाहावे. ज्या जागेवर उद्यान दाखविले आहे तीच आपणास विकली जात नाही ना, हे तेथेच कळते.

भोपाळ हे तलावांचे शहर असल्याने येथे आणखी एक खबरदारी आहे. भोज पाणथळ क्षेत्रास २००२ मध्ये रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. तलावाकाठी बांधकामावर निर्बंध आहेत. कलियासोत नदीच्या दोन्ही काठांवर ३३ मीटरपर्यंत बांधकाम नसावे असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये दिला. त्या पट्ट्यात काही इमारती आधीच उभ्या होत्या, आणि पुढची अनेक वर्षे तेथील रहिवासी मोजणी, खुणा आणि नोटिसा यांच्या छायेत राहिले. खिडकीतून पाणी दिसते म्हणून घर महाग विकले जाते. ते पाणी किती मीटरवर आहे हे विचारणारे थोडे असतात. जुन्या शहराच्या उत्तरेस, १९८४ च्या वायुदुर्घटनेच्या कारखान्याभोवतालच्या वस्त्यांत भूजल दूषित झाल्यामुळे पिण्याचे शुद्ध पाणी पुरविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयास द्यावा लागला होता. तेव्हा पाणी नळाचे की कूपनलिकेचे, हा प्रश्न भोपाळमध्ये कोठेही विचारावा, आणि उत्तर मे महिन्यात विचारावे.

नव्या इमारतीत घर घेणाऱ्यांस स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ चा मोठा आधार आहे. हा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णतः अमलात आला. मध्यप्रदेश व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी त्याखालील प्राधिकरण त्याच वर्षी सुरू केले, आणि लोक त्यास सामान्यतः 'रेरा' या नावाने ओळखतात. जमीन ५०० चौरस मीटरहून अधिक असेल किंवा सदनिका आठांहून अधिक असतील तर प्रकल्पाची नोंदणी केल्याखेरीज जाहिरातही करता येत नाही. नोंदणीकृत करार केल्यावाचून बांधणारा किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्चावे लागतात. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. किंमत चटईक्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आतील प्रत्यक्ष वापराच्या जागेवर सांगावी लागते. 'सुपर बिल्टअप' या नावाखाली जिना, गच्ची आणि पहारेकऱ्याची खोली आपल्या गळ्यात घालण्याची जुनी रीत यामुळे बरीच आटोक्यात आली. मात्र रेराचा क्रमांक फलकावर आहे एवढ्याने निश्चिंत होऊ नये. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घालून पूर्णत्वाची तारीख, मंजूर मजले आणि प्रकल्पाविरुद्धचे दावे वाचावेत. आपला मुलगा किंवा पुतणी हे दहा मिनिटांत करून देईल. नोंदणी ही प्राधिकरणाने मालकीहक्काची दिलेली हमी नव्हे. तो शोध आपला आपणासच करावा लागतो.

पैशाचा विचार. निवृत्तीस दहा वर्षे उरली असताना घर घेणे आणि निवृत्तीनंतर घेणे यांत पुष्कळ अंतर आहे. समजा २० लाख रुपये कर्ज साडेआठ टक्के व्याजाने घेतले. वीस वर्षांची मुदत असेल तर मासिक हप्ता सुमारे १७,३५० रुपये येतो आणि अखेरीस एकूण सुमारे ४१ लाख ६५ हजार भरले जातात. तेच कर्ज दहा वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे २४,८०० रुपये होतो, पण एकूण भरणा २९ लाख ७५ हजारांच्या आसपास राहतो. जवळजवळ १२ लाखांचा फरक केवळ मुदतीचा आहे. नोकरीत असताना ओढून ताणून मोठा हप्ता भरणे हे निवृत्तिवेतनातून लहान हप्ता भरण्यापेक्षा बहुधा शहाणपणाचे ठरते. बँका घराच्या पूर्ण किंमतीइतके कर्ज देत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जास किंमतीच्या ९० टक्क्यांची आणि त्यापुढे कमी प्रमाणाची मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी बहुधा पदरचीच घालावी लागते, आणि ती रक्कम मोठी असते. ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जे बाह्य दराशी जोडलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र निवृत्तीच्या पलीकडे सरकली. तसे पत्र बँकेकडून आल्यास ते न वाचता फाईलला लावू नये.

भविष्यनिर्वाह निधीची सर्व रक्कम घरात घालणे मला मान्य नाही. घर झाले आणि औषधास पैसा नाही, अशी अवस्था झालेली कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

रोखीचा मोह टाळावा. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास १ जून २०१५ पासून आयकर कायद्याने प्रतिबंध आहे आणि तेवढाच दंड होऊ शकतो. दस्तात किंमत कमी दाखवूनही लाभ नाही. मध्यप्रदेशात 'गाइडलाइन' आणि महाराष्ट्रात वार्षिक बाजारमूल्य तक्ते शासनाने ठरविलेले असतात, त्याहून कमी किंमतीवर शुल्क भरता येत नाही. कमी दाखविलेली किंमत पुढे आपण विकावयास निघालो की आपल्याच नफ्यात भर घालते आणि त्यावर कर बसतो.

आता विकणाऱ्यांविषयी, आणि विशेषेकरून गावाकडचे घर किंवा शेत विकून शहरात घर घेऊ पाहणाऱ्यांविषयी. या सभेत तसे पुष्कळजण असतील. गावचे घर आजोबांच्या नावावर असते. त्यांच्यानंतर फेरफारच झालेला नसतो, किंवा झाला असेल तर थोरल्या भावाचे नाव 'एकत्र कुटुंबाचा कर्ता' म्हणून लागलेले असते. गिऱ्हाईक आले की धावपळ सुरू होते. सर्वांत मोठी चूक होते ती बहिणींच्या बाबतीत. हिंदू उत्तराधिकार अधिनियमात २००५ मध्ये दुरुस्ती होऊन मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. बहिणीने लग्नात सर्व घेतले, तिने तोंडी सोडले, ती काही म्हणणार नाही, ही वाक्ये न्यायालयात टिकत नाहीत. तिला हक्क सोडावयाचा असेल तर तो तिच्या इच्छेने, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा. सोडावयाचा नसेल तर तिचा वाटा तिच्या खात्यात जावा आणि विक्रीच्या दस्तावर तिची सही असावी. हे मी केवळ कायद्याच्या भीतीने सांगत नाही. रक्षाबंधनाला येणारी बहीण पुढे तारखेला येऊ लागते, ते पाहवत नाही.

शेतजमिनीच्या बाबतीत विक्रीपूर्वी तिचा प्रकार पाहावा. महाराष्ट्रात भोगवटादार वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीचे बिगर आदिवासीकडे हस्तांतरण करण्यावर दोन्ही राज्यांत कडक निर्बंध आहेत, आणि परवानगीविना झालेला व्यवहार कित्येक वर्षांनीही उलटू शकतो. गावठाणातील घरांना पूर्वी कागदच नसत. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मिळकतीचे अभिलेख दिले जाऊ लागले. ज्यांच्या गावी ही मोजणी झाली असेल त्यांनी आपले नाव व क्षेत्र बरोबर आहे ना, हे गिऱ्हाईक येण्याची वाट न पाहता पाहून घ्यावे.

विक्रीतून झालेल्या नफ्यावरील कराचे नियम २३ जुलै २०२४ पासून बदलले. दीर्घकाळ बाळगलेल्या घर-जमिनीवर महागाईचा निर्देशांक न लावता साडेबारा टक्के कर आहे. त्या दिवसापूर्वी घेतलेल्या मिळकतीबाबत भारतात निवासी असलेल्या व्यक्तीस निर्देशांक लावून वीस टक्के कर देण्याचा पर्याय ठेवलेला आहे. दोन्ही हिशेब करून जो कमी येईल तो भरावा. राहते घर विकून विक्रीपूर्वी एक वर्षात किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे घर घेतले, अथवा तीन वर्षांत बांधले, तर नफ्याच्या तेवढ्या रकमेवर कर लागत नाही. नागपूरचे घर विकून भोपाळला घेणाऱ्याने या मुदती भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. ५० लाख किंवा त्याहून अधिक किंमतीच्या व्यवहारात घेणाऱ्याने एक टक्का कर कापून भरावयाचा असतो. एखादा भाऊ परदेशस्थ अनिवासी असेल तर त्याच्या हिश्शावरील कपात याहून पुष्कळ अधिक असते आणि तेथे ५० लाखांची सूट नाही. बोलणी सुरू होतानाच सनदी लेखापालास विचारलेले बरे.

किंमत सांगताना शेजाऱ्याने सांगितलेल्या भावावर विसंबू नये. शेजारी नेहमी मागितलेला भाव सांगतो, मिळालेला सांगत नाही. त्याच गल्लीत गेल्या वर्षभरात नोंदलेल्या दस्तांतील किंमत हा अधिक भरवशाचा आधार आहे. घरात ओल असेल, सामाईक भिंतीचा वाद असेल, तर तो लपवू नये. मिळकतीतील व मालकीतील जे दोष घेणाऱ्यास सहज दिसण्यासारखे नाहीत ते सांगणे हे विकणाऱ्याचे कायद्याने कर्तव्य आहे. कर्ज फेडलेले असेल तर बँकेकडून मूळ दस्त आधी मिळवावेत. डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत दस्त परत करण्याचे बंधन बँकांवर आहे, आणि बँकेच्या कारणाने विलंब झाला तर दर दिवसास ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

शेवटी ताब्याच्या दिवसाविषयी. रजिस्ट्री झाल्यावर पेढे वाटण्याच्या गडबडीत पुष्कळ कामे राहून जातात. मालमत्ता कर, पाणीपट्टी व विजेचे देयक कोणत्या तारखेपर्यंत विकणाऱ्याने भरले हे पावत्यांसह लिहून घ्यावे. वीजमापकाचा आकडा दोघांच्या सहीने नोंदवावा. सदनिका असेल तर सोसायटीचे नाहरकत पत्र आणि देखभाल वर्गणीचा हिशेब घ्यावा. सर्व किल्ल्या, मूळ दस्त आणि त्यापूर्वीचे दस्त एकाच वेळी ताब्यात घेऊन ताबापावती करावी. नामांतरणाचा अर्ज त्याच आठवड्यात टाकावा आणि पोच जपून ठेवावी. आणि जे येथून, शिवाजी नगरातून जाणार आहेत त्यांनी क्वार्टर परत करताना बांधकाम खात्याकडून ना-देय प्रमाणपत्र घेण्यास विसरू नये, कारण उपदानाची अखेरची रक्कम पुष्कळदा त्याच एका कागदासाठी अडून राहते.